ट्रॅक कार्डात आहे, पण संगणकाला दिसत नाही: पोर्टेबल रेकॉर्डरची पार्श्वभूमी

टॅसकॅमचा डीपी-००४ हा छोटा चार ट्रॅकचा रेकॉर्डर यूएसबीने संगणकाला जोडला की पडद्यावर एक ड्राइव्ह उघडतो आणि त्यात दोन-चार रिकाम्या फोल्डरांपलीकडे काही नसतं. हेडफोन लावून यंत्रावर ऐकावं तर गाणं जागच्या जागी आहे. हा रेकॉर्डर २००८ मध्ये आला, तेव्हापासून नवा माणूस इथे हमखास अडतो. कारण साधं आहे. यंत्र कार्ड फॉरमॅट करतं तेव्हा त्याचे विभाग पाडतं. एका विभागात चालू गाण्यांचे ट्रॅक राहतात आणि तो फक्त यंत्रालाच वाचता येतो. दुसरा विभाग फॅट पद्धतीचा (संगणकाला ओळखता येणाऱ्या फाईल-मांडणीचा), देवघेवीसाठी ठेवलेला. संगणकाला तेवढाच दिसतो. म्हणून आधी मेनूत जाऊन ट्रॅक वेव्ह फाईल म्हणून एक्स्पोर्ट करायचे, मग केबल जोडायची, फाईल उतरवून घ्यायच्या आणि ड्राइव्ह इजेक्ट केल्यावरच केबल काढायची. उलट दिशेने जायचं तर ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची वेव्ह फाईल ठरलेल्या फोल्डरात टाकायची, केबल काढायची आणि यंत्राच्या मेनूतून ती रिकाम्या ट्रॅकवर इम्पोर्ट करायची. ट्रॅक रिकामा नसेल तर इम्पोर्ट होत नाही.

ही आडवाट कोणी एका बैठकीत आखलेली नाही. कॅसेट, नकलेवरचा कायदा आणि एके काळची महागडी मेमरी यांनी ती वेगवेगळ्या दशकांत पाडली.

कॅसेटवरचे चार पट्टे

साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात: ए बाजूचे डावा-उजवा आणि बी बाजूचे डावा-उजवा. टॅसकॅम हा जिचा ब्रँड, त्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये काढलेल्या पोर्टास्टुडिओ १४४ ने हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि फितीचा वेग सेकंदाला ४.७५ सेंटिमीटरवरून ९.५ वर नेला. आवाज सुधारला, पण सी-९० कॅसेट साडेबावीस मिनिटांत संपू लागली. एका ट्रॅकवर ताल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर गळा अशी घरबसल्या भर घालत जाण्याची पद्धत या यंत्राने रुजवली. जागा संपली की तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि पहिले तीन पुन्हा भरायचे. हा बाऊन्स. एकदा केला आणि आधीचे ट्रॅक पुसले की त्यातलं आवाजांचं प्रमाण बदलता येत नाही, आणि कॅसेटवर प्रत्येक बाऊन्सबरोबर फितीचा सरसर असा पार्श्वआवाज वाढत जातो.

ट्रॅक सुटे बाहेर काढायचे ही कल्पना तेव्हा फारशी कोणाच्या डोक्यात नव्हती. यंत्रातून बाहेर पडायचा तो मिक्स: दोन चॅनेल, दुसऱ्या डेकवर, गाणं जितक्या मिनिटांचं तितक्याच मिनिटांत. डीपी मालिकेत आजही इन आणि आउट खुणा लावून मास्टर ट्रॅकवर मिक्सडाऊन करावा लागतो आणि मग तो एक्स्पोर्ट होतो, ती रीत इथूनच आली.

त्या काळच्या चार ट्रॅकच्या कॅसेट संगणकात घ्यायच्या असतील तर चारही ट्रॅक सुटे देणारं यंत्र आणि चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज संगणकात घेणारी पेटी) हाच सरळ मार्ग. दुप्पट वेगाची कॅसेट साध्या डेकवर वाजवली तर गाणं अर्ध्या वेगाने आणि एक सप्तक खाली येतं, आणि बाजू पालटल्यावर तिसरा-चौथा ट्रॅक उलटा वाजतो. हे संगणकात दुरुस्त करता येतं. ९६ किलोहर्ट्झवर घ्यायचं (हा दर म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले तो आकडा), फाईलचा दर १९२ आहे असं सॉफ्टवेअरला सांगायचं, आणि बी बाजू रिव्हर्स करायची. पण कॅसेटची मोटर दोन फेऱ्यांत अगदी सारखी फिरत नाही, त्यामुळे दोन वेळा घेतलेले ट्रॅक गाणं संपेपर्यंत एकमेकांपासून सरकलेले असतात. जागोजाग कापून जुळवावे लागतात. डीबीएक्स ही सरसर कमी करणारी (नॉइज रिडक्शनची) पद्धत लावून भरलेली फीत डीबीएक्सशिवाय वाजवली तर आवाज दबलेला आणि कर्कश येतो, तेव्हा कॅसेटच्या चिठ्ठीवर नॉइज रिडक्शनची नोंद आहे का ते आधी पाहावं.

डॅट आणि नकलेचं कुलूप

सोनीने १९८७ मध्ये डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) आणलं: ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत, व्हिडिओसारखं फिरतं हेड, १६ बिट, आणि ४८, ४४.१ किंवा ३२ किलोहर्ट्झचा दर. खांद्याला अडकवता येणारी डॅट यंत्रं आली तेव्हा गावोगाव हिंडून लोकसंगीत टिपणाऱ्यांना फितीच्या सरसरीतून सुटका मिळाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या कामात बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात केलेली मुद्रणं डॅटवरची आहेत. ती ठेवली गेली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत संग्रहात. हा संग्रह १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाला आणि पुढे दिल्ली परिसरात हलला.

डिजिटल नक्कल मुळासारखीच निघते हे पाहून रेकॉर्ड कंपन्या बिथरल्या. त्यांच्या दबावातून घरगुती डॅटमध्ये नकलांची मर्यादा घालणारी एससीएमएस ही व्यवस्था आली आणि अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने ती सक्तीची झाली. माइकमधून भरलेल्या स्वतःच्या मुद्रणाचीही एकच डिजिटल पिढी निघे. नकलेची नक्कल करायला गेलं की घरगुती डेक नकार देई. व्यावसायिक डेकना ही अट नव्हती. म्हणजे चोराला पर्याय होते आणि शेतात उभं राहून भलरी टिपणारा अडकला.

डॅट संगणकात घेणं हे बहुतेक ठिकाणी अजूनही दोन तासांच्या फितीला दोन तास असंच आहे. फीत बरीच वर्षं पडून असेल तर आधी शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे ताण सारखा होतो. डेकचा एसपीडीआयएफ हा डिजिटल आउटपुट इंटरफेसला जोडायचा, इंटरफेसचं घड्याळ एक्स्टर्नलवर ठेवायचं, आणि प्रोजेक्टचा दर फितीच्या दराशी मिळवायचा. घड्याळ इंटर्नलवर राहिलं तर मध्येमध्ये टिकटिक ऐकू येते. ४८ किलोहर्ट्झची फीत ४४.१ समजून साठवली गेली तर सगळं मुद्रण संथ होतं आणि जवळजवळ दीड अर्धस्वर उतरतं: काळी एकचा षड्ज पांढरी सात आणि पांढरी एकच्या मधे लोंबकळतो. गायकाची पट्टी ठाऊक असेल तर ही चूक दोन मिनिटांत सापडते, आणि दुरुस्तीही फक्त फाईलचा दर बदलून होते; आवाज पुन्हा घ्यावा लागत नाही.

मिनीडिस्कची गोष्ट याहून चुटपुट लावणारी. सोनीनेच १९९२ मध्ये आणलेल्या या ७४ मिनिटांच्या डिस्कवर ॲट्रॅक पद्धतीने दाबलेला (डेटा कमी करून लहान केलेला), सेकंदाला २९२ किलोबिटचा आवाज मावे. २००१ मध्ये नेटएमडी यंत्रांना यूएसबी आलं, पण ते एकाच दिशेचं: संगणकातली गाणी डिस्कवर जात, माइकने भरलेलं मात्र संगणकात येत नसे. त्यासाठी हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून पुन्हा तितकाच वेळ बसायचं. २००४ च्या हाय-एमडीवर न दाबलेला आवाज ९४ मिनिटं बसू लागला आणि तो संगणकात उतरवताही आला. जुन्या डिस्कवरची स्वतःची मुद्रणं यूएसबीने काढून देणारं एमझेड-आरएच१ हे यंत्र यायला २००६ उजाडलं. तोवर लोक कार्डाकडे वळले होते.

१२८ मेगाबाइटांची तारांबळ

मधल्या काळात मल्टिट्रॅक यंत्रांत हार्ड डिस्क शिरली. रोलँडचा व्हीएस-८८० हा १९९६ चा आठ ट्रॅकचा रेकॉर्डर याचं ठळक उदाहरण. तो आवाज रोलँडच्या स्वतःच्या आर-डॅक पद्धतीने दाबून साठवी, आणि ट्रॅक बाहेर काढायचे तर डिजिटल आउटपुटवर एका वेळी दोनच चॅनेल. आठ ट्रॅकांना चार फेऱ्या, आणि जुळवण्यासाठी प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला एक ठोका.

खिशातल्या यंत्रांची अडचण वेगळी होती. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट लागतात, चार ट्रॅकांना २१. स्मार्टमीडिया कार्डाची कमाल क्षमता होती १२८ मेगाबाइट, म्हणजे चार ट्रॅकांची जेमतेम सहा मिनिटं. म्हणून बॉसच्या बीआर-५३२ सारखी स्मार्टमीडियावर चालणारी यंत्रं आवाज दाबून स्वतःच्या स्वरूपात ठेवत. २००६ च्या मायक्रो बीआरमध्ये एसडी कार्ड आलं तरी ते स्वरूप राहिलंच. ट्रॅक वेव्हमध्ये बदलून घेतल्याशिवाय संगणकाला कळत नाहीत.

त्याच वर्षी झूमच्या एच४ ने उलटा रस्ता धरला. चार ट्रॅकच्या पद्धतीतही तो थेट वेव्ह फाईल लिहितो आणि यूएसबी जोडलं की त्या समोर दिसतात. सोय मोठी, पण त्याला स्वतःचे सापळे आहेत. गाण्याच्या फोल्डरात ट्रॅकच्या फाईलींसोबत एक छोटी प्रोजेक्ट फाईल असते. कोणता ट्रॅक कुठली फाईल वाजवतो, लेव्हल किती, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे) कुठे, हे तिच्यात. संगणकावर फाईलचं नाव ‘भैरवी-अंतिम’ करून परत ठेवली तर यंत्राला ती सापडत नाही, आणि बऱ्याच यंत्रांना देवनागरी नाव वाचताच येत नाही. नावं बदलायची ती संगणकातल्या प्रतीची. मॅकवरून कार्डातल्या फाईल डिलीट केल्या तर त्या कार्डातल्याच लपलेल्या कचरापेटीत जातात आणि जागा मोकळी होत नाही. प्रत दुसऱ्या डिस्कवरही उतरली याची खात्री करून कार्ड यंत्रातच फॉरमॅट करणं केव्हाही बरं.

दोन्ही पद्धतींत मला डीपीची एक्स्पोर्टची पायरी अगदीच वाईट वाटत नाही. पंच-इन (चुकलेला तुकडा तेवढाच पुन्हा भरणं) आणि अनडू करत भरलेला ट्रॅक हा अनेक तुकड्यांचा बनतो. एक्स्पोर्ट ते तुकडे जोडून गाण्याच्या शून्यापासून सलग फाईल बनवतो, त्यामुळे संगणकात सगळ्या फाईली शून्यावर ठेवल्या की ट्रॅक न सरकता बसतात.

वेव्ह फाईलचं डोकं

वेव्ह हे स्वरूप मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये ठरवलं. फाईलच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये चॅनेल किती, दर किती, बिट किती आणि पुढे आवाजाचे बाइट किती हे लिहिलेलं असतं. बाइटांचा आकडा ३२ बिटांत मांडलेला असल्याने फाईल ४ गिगाबाइटांपुढे जात नाही. फॅट३२ चीही मर्यादा तीच, आणि अनेक यंत्रं खबरदारी म्हणून २ गिगाबाइटांवरच नवी फाईल सुरू करतात. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ मुद्रणात २ गिगाबाइट म्हणजे सुमारे ३ तास २२ मिनिटं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर ४ गिगाबाइट दोन तास चार मिनिटांत भरतात. रात्रभराच्या मैफलीत राग मधेच तुटलेला दिसतो तो यामुळे. असे तुकडे एकमेकांना टेकवून ठेवायचे, क्रॉसफेड (एक विरत असताना दुसरा चढवणं) द्यायचा नाही. दिला तर तेवढा आवाज दोनदा वाजतो किंवा गळतो.

खरा घात होतो तो मुद्रण चालू असताना बॅटरी संपली किंवा कार्ड ओढलं की. बाइटांचा अंतिम आकडा साधारणपणे स्टॉप दाबल्यावर लिहिला जातो. तो लिहायचा राहिला की आवाज कार्डावर असूनही फाईल शून्य लांबीची दिसते. (मिनीडिस्कवरही तंतोतंत हेच होई, मुद्रणांची सूची शेवटी लिहिली जायची.) अशा वेळी त्या कार्डावर पुढे काहीही भरू नये आणि फॉरमॅट तर मुळीच करू नये. काही यंत्रं पुढच्या वेळी सुरू होताना फाईल स्वतःच सावरतात. नाही सावरली तर फाईल रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने कार्डातला कच्चा डेटा काढायचा आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून उघडायचा: २४ बिट पीसीएम, लिटल एंडियन, २ चॅनेल, आणि मुद्रणाचा मूळ दर. नुसता खरखराट आला तर बिटांची संख्या चुकली आहे किंवा सुरुवात एका-दोन बाइटांनी सरकली आहे. ऑफसेट ०, १, २ करून पाहिला की एका ठिकाणी गाणं उघडतं. २४ बिटांत प्रत्येक नमुना तीन बाइटांचा, म्हणून तीनच शक्यता.

२०१९ मध्ये झूम एफ६ आणि साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री यंत्रांनी ३२ बिट फ्लोट रेकॉर्डिंग हातात दिलं. ढोल-ताशाने मीटर लाल झाला तरी लेव्हल नंतर खाली आणता येते, फाईल २४ बिटपेक्षा एक तृतीयांशाने मोठी होते. आवाज माइकमध्येच फाटला असेल तर मात्र कोणताही बिट मदतीला येत नाही.

दोन रेकॉर्डर एकाच कार्यक्रमात लावले असतील तर त्यांची क्वार्ट्झ घड्याळं सारखी नसतात. दहा लाखांत २० चा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद जातात, आणि तबल्याची थाप दोनदा ऐकू यायला तेवढं पुरतं. सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा टाळ्या दोन्ही यंत्रांवर आल्या असतील तर दोन टाळ्यांमधलं अंतर मोजून एका फाईलचा वेग तेवढ्या प्रमाणात बदलता येतो. शेवटची टाळी नसेल तर कार्यक्रमातली एखादी ठसठशीत सम शोधावी लागते.