उन्हातलं तापमान म्हणजे हवेचं तापमान नव्हे
"खरं तापमान उन्हात मोजायचं, सावलीतलं ते सरकारी!" एप्रिल लागला की बेळगाव-निपाणीकडे हे हमखास ऐकू येतं. साफ चूक. उन्हातला सेन्सर हवेचं नव्हे, स्वतःच्या तापलेल्या अंगाचं तापमान सांगतो. म्हणून तर वेधशाळेची तापमापक ठेवायची पेटी, म्हणजे स्टीव्हन्सन पेटी, पांढरी, झडपांची, आपल्याकडे उत्तरेला दार असलेली. आत तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर.

पण नुसती सावलीही पुरत नाही. पत्र्याच्या पडवीत किंवा स्लॅबच्या कठड्याला घरचा सेन्सर टांगलात, तर दिवसभर शोषलेली उष्णता रात्रीही आकड्यात उतरते. सेन्सरसाठी पांढऱ्या थाळ्यांच्या उतरंडीचं कवच घ्या आणि परसात, गवतावर, भिंतीपासून लांब लावा. खानापूरकडच्या पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरणारच. ते पुसत राहा. काळवंडलेलं कवच ऊन ओढतं.