विंडोज ‘उडाली’ म्हणजे ती जाते कुठे?

संगणक सुरू झाला नाही की आपण सहज म्हणून जातो, “विंडोज उडाली.” जणू पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि पक्षी गेला. पाठोपाठ येतं, “फॉरमॅट मारावा लागेल.” आणि मग, “सीडी कुठे ठेवली आहे?”

मध्यंतरी एका मैत्रिणीचा लॅपटॉप असाच अडला. काळा पडदा, आणि बूट करण्याजोगं, म्हणजे यंत्र सुरू करून देणारं काही सापडत नाही अशा अर्थाची एक ओळ. आत तिच्या प्रबंधाचा तीन वर्षांचा मजकूर होता आणि बॅकअप अर्धवट. सीडी शोधण्यात अर्थच नव्हता. लॅपटॉपबरोबर ती कधी आलीच नव्हती आणि घालायला जागाही नव्हती. फॉरमॅट मारायचा, म्हणजे डिस्क पुसून टाकायचा सल्ला मात्र तिला दोघांनी देऊन झाला होता.

त्या सल्ल्याची मला भीती वाटते. ‘उडाली’ म्हणतो तेव्हा विंडोज बहुतेक वेळा जागेवरच असते. तुटलेला असतो तो तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता.

बटण दाबल्या क्षणी प्रोसेसरला विंडोज म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याला फक्त मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमधला प्रोग्रॅम ठाऊक असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आता यूईएफआय असतं. बायोसचं काम अगदी तुटपुंज्या सामग्रीवर चाले. तो डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट वाचायचा. त्यातले ४४६ बाइट पुढचं पाऊल टाकणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीच्या नोंदीसाठी आणि शेवटचे दोन केवळ खूण म्हणून राखलेले. त्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही सोळा-आधारी मूल्यं नसली, तर बायोस डिस्कला बूट होण्याजोगी मानायचाच नाही. पुढे लाखभर फाइली शाबूत असल्या तरी दोन बाइटांसाठी यंत्र दारातच उभं राहायचं.

यूईएफआय याहून शहाणं आहे. ते डिस्कवरचा शंभर-दोनशे एमबीचा एक वेगळा कप्पा उघडतं आणि त्यातला बूट प्रोग्रॅम चालवतं. हा कप्पा ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही. त्यातल्या दोन-चार फाइली बिघडल्या की पडदा तसाच काळा.

१९ जुलै २०२४ आठवून पाहा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधून एक सदोष फाइल गेली आणि जगभर निळे पडदे झळकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रं अडली. विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत कामं थांबली. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज किमान सामग्रीवर चालवून, किंवा दुरुस्तीच्या रिकव्हरीत शिरायचं आणि ती फाइल काढून टाकायची. विंडोज सगळीच्या सगळी तिथेच होती.

मग सीडी हवी कशाला असायची? माझ्या मते तिची कामं तीन होती, आणि एकाच चकतीत बसल्यामुळे ती आपल्याला कधी वेगळी दिसली नाहीत. पहिलं काम म्हणजे उभं राहायला बाहेरची जागा देणं. बसलेली फांदी बसल्या बसल्या तोडता येत नाही, तशी चालू सिस्टीम स्वतःला पुसून स्वतःच्या जागी नवी बसवू शकत नाही. दुसरं काम फाइलींचा साठा पुरवणं. तिसरं, परवान्याचा पुरावा, म्हणजे पाकिटावर छापलेली २५ अक्षरांची की.

बाहेरची जागा आता बहुधा डिस्कमध्येच असते. २००७ च्या सुमारास व्हिस्टाबरोबर विंडोजमध्ये एक छोटी, स्वतंत्र दुरुस्ती-सिस्टीम आली. ती डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे पार्टिशनमध्ये बसते. लागोपाठ काही वेळा बूट फसलं की ती आपणहून समोर येते. शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ केलं तरी उघडते. मॅकमध्ये २०११ पासून अशी सोय आहे, आणि इंटेल चिपच्या मॅकनी त्यापुढची मजल मारली. डिस्क पूर्ण कोरी असली तरी चिपमधला प्रोग्रॅमच इंटरनेटला जोडून घेतो आणि दुरुस्तीची सिस्टीम उतरवून आणतो.

साठ्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे आणि ती मला फार आवडते. आधी कंपन्या लपवलेल्या पार्टिशनमध्ये सिस्टीमची अख्खी प्रत ठेवत. ती कित्येक जीबी जागा अडवायची, आणि रीसेट केल्यावर यंत्र कारखान्यातून निघालं त्या दिवशी जाऊन पोचायचं. मधले सगळे अपडेट पुन्हा घ्या. २०१५ च्या विंडोज १० ने ही प्रतच काढून टाकली. रीसेट करताना ती चालू विंडोजच्याच ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरमधले सुटे भाग घेते आणि त्यांतून नवी विंडोज उभारते. जागा वाचली, अपडेटही बरेचसे टिकले.

पण यात एक मेख आहे. विनएसएक्सएसमधल्या बऱ्याच फाइली आणि विंडोज जिथून चालते त्या ‘सिस्टीम ३२’ फोल्डरमधल्या फाइली या दोन प्रती नसतात. मजकूर एकच, त्याला नावं दोन. डिस्कवरचा तो मजकूरच खराब झाला, तर दोन्ही नावांनी तीच खराब फाइल हाती येते. तपासणीचा ‘एसएफसी’ आदेश कधी कधी बिघाड सापडला म्हणतो आणि काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असंही सांगतो, त्यामागचं एक कारण हे. तेव्हा चांगला सुटा भाग बाहेरूनच आणावा लागतो आणि ‘डिझम’ आदेश तो विंडोज अपडेटकडून मागवतो. २०२० मध्ये रीसेटला ‘क्लाउड डाउनलोड’चा पर्याय जोडला गेला. त्यात सुमारे ४ जीबी नव्यानं उतरवून घेतले जातात आणि डिस्कवरच्या संशयास्पद भागांवर भिस्त ठेवावी लागत नाही. नेट बरं असेल तर मी हाच पर्याय निवडेन.

परवान्याचं काम आता जवळपास आपोआप होतं. विंडोज ८ पासून तयार लॅपटॉपची की मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते आणि इन्स्टॉलर ती न विचारता वाचतो. म्हणून कुठल्याही अनोळखी साइटवरून परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ उतरवू नका, कळकळीनं सांगतो. ज्याची गरज नाही, त्यासाठी यंत्राच्या किल्ल्या परक्याच्या हाती जातात.

डिस्कवरचं काहीच चालेना तर पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो, फक्त तो रिकामा हवा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचं, बाकी ते करतं. आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या चकतीची एका फाइलीत बांधलेली प्रत, नुसती ओढून पेनड्राइव्हवर टाकली तर काम होत नाही. ती तिथे पेटीत बंद पुस्तकासारखी पडून राहते, यूईएफआयला पानं दिसत नाहीत. लिनक्स या मोफत सिस्टीमचा लाइव्ह पेनड्राइव्ह याहून उपकारी ठरू शकतो. क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्स या लिनक्सनं २००० पासून ही रीत, तेव्हा सीडीवरून, लोकप्रिय केली. सिस्टीम मेमरीतच चालते, डिस्कला बोट लावत नाही, आणि डिस्कला एनक्रिप्शनचं, म्हणजे सांकेतिक लिपीचं कुलूप नसेल तर आतल्या फाइली दुसरीकडे उतरवून घेता येतात. हे आधी, फॉरमॅट नंतर. एसएसडीवर, म्हणजे चिपांत माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, तर फॉरमॅटनंतर पुसलेली जागा ड्राइव्ह स्वतःच लवकर रिकामी करते, मग रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती बहुधा काही लागत नाही.

मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आम्ही पेनड्राइव्हनंच शिरलो. दुरुस्तीचा पर्याय निवडला आणि समोर आली बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या एनक्रिप्शनची की मागणारी चौकट. डिस्क एनक्रिप्ट केलेली आहे हे तिला माहीतच नव्हतं. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं की ते आपोआप चालू होतं. ही की ४८ अंकी असते आणि ती नसेल तर त्या फाइली कोणालाच उघडता येत नाहीत. सुदैवानं तिच्या खात्यात ती जपलेली होती, फोनवरून सापडली.

सहा-सहा अंकांचे आठ गट. तिनं वाचले, मी टाइप केले, आणि यंत्रानं की नाकारली. तेव्हा या अंकांची रचना कामी आली. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. शाळेतली कसोटी लावायची, एकाआड एक अंक मिळवायचे आणि वजा करायचे. १३५७९५ घेतला तर १ वजा ३ अधिक ५ वजा ७ अधिक ९ वजा ५ म्हणजे शून्य, गट बरोबर. शेजारचे दोन अंक उलटे पडून १३५९७५ झाला तर उत्तर येतं उणे ४, म्हणजे चूक. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक आपसांत बदलले, तर ही कसोटी हटकून पकडते.

कागदावर एकेक गट तपासत गेलो. पाचव्यात अडलं. तिनं म्हटलेला सात मी एक ऐकला होता. दुरुस्त केल्यावर कुलूप उघडलं. ‘बीसीडीबूट’चा एका ओळीचा आदेश दिला आणि बूटच्या फाइली पुन्हा लिहिल्या गेल्या. पेनड्राइव्ह काढून यंत्र सुरू केलं, त्यानं पुन्हा एकदा तीच की मागितली, या वेळी तिनं स्वतः टाइप केली. डेस्कटॉप उघडला. तिनं पहिल्यांदा प्रबंधाचा फोल्डर उघडला, शेवटच्या फाइलची तारीख पाहिली, आणि काही न बोलता बाहेरची हार्ड डिस्क जोडली.