अणुभट्टी बंद झाली, पुढे काय?

राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर, म्हणजे समुद्राकाठच्या उंच कातळपठारावर, अणुऊर्जा प्रकल्प व्हावा की होऊ नये, हा वाद कोकणात अनेक वर्षं चालू आहे. त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'काही झालंच तर भट्टी ताबडतोब बंद करतात.' हे खरं आहे. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या नियंत्रण कांड्या काही सेकंदांत आत शिरतात आणि युरेनियमचं विखंडन, म्हणजे अणू फुटणं, थांबतं. उष्णता मात्र थांबत नाही, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं.

विखंडनात युरेनियमच्या अणूचे दोन तुकडे होतात. आयोडीन, झेनॉन, स्ट्रॉन्शियम, सिझियम असे हे तुकडे बहुधा अस्थिर असतात. किरणोत्सर्ग करत करत ते स्थिर होतात आणि दर वेळी थोडी उष्णता सोडतात. काहींचं हे काम सेकंदांत आटोपतं, काहींचं वर्षानुवर्षं चालतं. त्यांना थांबवणारी कांडी नाही. ती उष्णता वाहून नेणं, एवढंच माणसाच्या हाती असतं.

ही उष्णता किती असते? बंद केल्याच्या क्षणी भट्टीच्या पूर्ण उष्णतेच्या साधारण साडेसहा टक्के, तासाभराने दीड टक्का, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आकडे किरकोळ वाटतात, म्हणून हिशेब करून पाहू. माडबनला १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. अशी एक भट्टी साडेचार हजार मेगावॅटच्या घरात उष्णता निर्माण करते, तिच्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाची वीज होते. बंद होऊन एक दिवस उलटल्यावरही आत वीस-बावीस मेगावॅट उष्णता तयार होत असते. ती नुसतं पाणी उकळून घालवायची म्हटली, तर सेकंदाला सुमारे आठ लिटर पाण्याची वाफ होईल. म्हणजे दिवसाला जवळजवळ सात लाख लिटर, दहा हजार लिटरचे सत्तर टँकर! मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

एवढं पाणी फिरवायला पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. ती बाहेरच्या तारांतून येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत विजेचे खांब आडवे झाले, झाडं कोसळून रस्ते अडले आणि कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात राहिल्या. म्हणून प्रत्येक अणुकेंद्रात डिझेल जनरेटर असतात. तेही गेले तर?

आपल्या देशात हे घडलेलं आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनचं पातं तुटलं, वीज बनवणारं जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन पेटला आणि आग केबलमधून पसरली. धूर नियंत्रण कक्षात शिरला, कर्मचाऱ्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. भट्टी बंद केलेली होती, पण पुढचे सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. तरीही इंधन वितळलं नाही. अशा भट्टीत इंधनाची उष्णता 'जड पाणी' नावाचं खास पाणी वाहून नेतं. इंधनाजवळ तापून ते हलकं होऊन वर बाष्पजनित्रांकडे, म्हणजे त्या उष्णतेने साध्या पाण्याची वाफ करणाऱ्या पात्रांकडे, चढत होतं, तिथे उष्णता देऊन थंड झालं की वजनदार होऊन खाली उतरत होतं. छतावरच्या सौर बंबात पंपाशिवाय पाणी फिरतं ते असंच. बाष्पजनित्रांना बाहेरून थंड पाणी मात्र हवंच होतं. माणसांनी आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलवरचे पंप सुरू करून ते पाणी त्यांत सोडलं. मला ही घटना शाळेच्या पाठ्यपुस्तकात असावी असं वाटतं. त्या रात्री केंद्र वाचलं ते गुरुत्वाकर्षणामुळे आणि प्रसंगावधानामुळे.

जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुकेंद्रात ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. तासाभरात त्सुनामी आली आणि तळाकडचे जनरेटर बुडाले. पहिल्या भट्टीत विजेशिवाय चालणारी एक सोय होती. भट्टीतली वाफ वरच्या पाण्याच्या टाकीतल्या नळ्यांतून जाऊन थंड व्हायची आणि पाणी होऊन आपल्या वजनाने परत यायची. आपल्या तारापूरला १९६९ साली वीज देऊ लागलेल्या पहिल्या दोन भट्ट्यांतही याच तत्त्वाची सोय आहे. पण फुकुशिमात नियंत्रणाची वीज जाताच त्या मार्गावरच्या झडपा मिटल्या, आणि कक्षातल्या माणसांना कित्येक तास ते नीट कळलंच नाही. पाणी आटलं, इंधन उघडं पडलं. इंधनाभोवतीच्या झिर्कोनियम धातूच्या आवरणाची वाफेशी क्रिया होऊन हायड्रोजन निघाला आणि दुसऱ्या दिवशी इमारतीचं छप्पर उडालं.

माडबनसाठी सुचवलेल्या भट्टीत शीतनाच्या चार स्वतंत्र व्यवस्था आहेत, त्याही वेगवेगळ्या इमारतींत. इंधन वितळलंच तर ते पसरवून थंड करणारी खास जागाही तळाशी आहे. ही रचना जुन्या भट्ट्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. पण तिची मुख्य मदार पंपांवरच आहे. गुजरातेत काक्रापारला बसवलेल्या ७०० मेगावॅटच्या भारतीय भट्ट्यांत उंचावर पाण्याच्या टाक्या आहेत आणि वाफ तिथे पंपाशिवाय निवते. ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

सड्याची उंची लाटेपासून वाचवेल, मात्र उष्णता शेवटी पोचवायची ती खालच्या समुद्रात. २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुकेंद्रात पाणी शिरलं ते समुद्राकाठच्या पंपघरातच. तेव्हा ग्रामसभेत विचारायचे प्रश्न नेमके हवेत. पंपघर उधाणाच्या पाण्यापासून किती उंचावर असेल? डिझेलचा साठा किती दिवसांचा? आषाढात घाट बंद पडले तर तो कुठल्या वाटेने भरणार? वीज गेली की कुठली झडप उघडी राहते आणि कुठली मिटते? आणि मिटलेली झडप हाताने उघडायची वेळ आली, तर माणूस तिथपर्यंत पोचू शकतो का?