डोक्याची इजा : बोधनावरील चिरकालीन परिणाम

डोक्याला झालेल्या इजेची जखम भरून आल्यावरही बोधनात, म्हणजे अवधान, स्मृती, विचारांचा वेग आणि नियोजनक्षमता यांत, उणीव राहू शकते. त्यासाठी कवटी फुटलेली असावी लागत नाही.

सरळ धक्क्यापेक्षा डोके गर्रकन फिरवणारा झटका मेंदूला अधिक घातक ठरतो, असे हॉलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृतींवरून मांडले. आघातानंतर तीव्र मनोभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या रुग्णांच्या मेंदूत श्वेत द्रव्याचा, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंचा, सर्वदूर ऱ्हास झाल्याचे स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये दाखवले. मज्जापेशींचे अक्षतंतू (संदेश वाहून नेणारे लांब धागे) ताणले जातात, पण बहुतेक तत्क्षणी तुटत नाहीत. आतील वहन अडते, तंतू फुगतात आणि काही तासांनी वा दिवसांनी तुटतात. ही हानी सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. शिवाय ललाट (कपाळामागील) व शंख (कानशिलाजवळील) खंडांची टोके कवटीच्या खडबडीत तळावर घासली जातात. स्मृती व नियोजन यांना विशेष झळ लागते ती त्यामुळे.

इजेची तीव्रता १९७४ पासून ग्लासगो कोमा मापनश्रेणीने ठरवतात; तीत शुद्धीच्या पातळीला ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य इजा. दूरगामी परिणामांचा अंदाज मात्र आघातोत्तर विस्मृतीच्या (आघातानंतर नव्या घटना स्मरणात न राहण्याच्या) कालावधीवरून अधिक नेमका येतो. हे माप रसेल यांनी १९३२ च्या सुमारास पुढे आणले.

सौम्य इजेनंतर बहुतेक जण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत पूर्ववत होतात. काहींच्या तक्रारी टिकतात आणि त्यांच्या उगमाचा वाद जुना आहे. रेल्वे अपघातांनंतरच्या अशा तक्रारींचे मूळ एरिकसेन (१८६६) यांनी मज्जारज्जूच्या इजेत शोधले. पेज (१८८३) यांनी भीतीवर भर दिला, चार्को यांनी उन्मादाचे (हिस्टेरियाचे) निदान केले, तर ओपेनहाइम (१८८९) शारीरिक बदलांच्या बाजूने राहिले. मिलर (१९६१) यांच्या मते नुकसानभरपाईचा दावा मिटला की तक्रारीही मिटत. नंतरच्या पाठपुराव्यांत त्यास पुष्टी मिळाली नाही. ग्रॉनवॉल व राइटसन (१९७४) यांनी रुग्णांकडून कानावर पडणाऱ्या प्रत्येक अंकाची त्याच्या आधीच्या अंकाशी बेरीज करवून घेतली. तक्रार असणाऱ्यांचा माहिती हाताळण्याचा वेग खरोखरच मंदावलेला होता आणि तक्रारी ओसरल्या तसा तो सुधारला. शारीरिक व मानसिक अशी दोन्ही कारणे एकाच रुग्णात असू शकतात. तरीही स्कॅन निर्दोष आहे एवढ्यावरून रुग्णाला ढोंगी ठरवणे अन्यायाचे आहे.

वारंवार बसणाऱ्या ठोशांमुळे मुष्टियोद्ध्यांत होणारी विकृती मार्टलंड यांनी १९२८ मध्ये वर्णिली. तीत टाऊ नावाचे प्रथिन मेंदूच्या वळ्यांमधील खाचांच्या तळाशी, रक्तवाहिन्यांभोवती साचते. निश्चित निदान मृत्यूनंतरच होते. एकाच आघाताने पुढे मनोभ्रंशाचा धोका वाढतो, हे बहुतेक पाहण्यांत आढळले असले तरी कार्यकारणाची साखळी पुरती उलगडलेली नाही.

पुनर्वसनात रोजनिशी व घड्याळाचा गजर यांसारखी बाह्य साधने नुसत्या पाठांतरापेक्षा उपयुक्त ठरतात. ललाट खंडाच्या इजेत रुग्णाला स्वतःतील बदल अनेकदा जाणवत नाही. म्हणून तपासणीत घरच्यांचे निवेदनही घ्यावे लागते.