गंधसंवाद आणि हवेचं प्रदूषण

झाडं आणि कीटक एकमेकांशी वासावरून जो व्यवहार करतात त्यात हवेतल्या प्रदूषकांमुळे पडणारा बिघाड. फुलाचा वास म्हणजे एकच द्रव्य नसतं, लिनॅलूल, ओसिमीन, फार्नेसीन अशी कितीतरी उडून जाणारी रसायनं ठराविक प्रमाणात मिसळलेली असतात आणि कीटक ते मिश्रण ओळखतो.

या अभ्यासाची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी रेशीम पतंगाच्या मादीचा कामगंध, म्हणजे नराला बोलावणारा वास, वेगळा काढला, अशा गंधांसाठीचा फेरोमोन हा शब्दही त्याच वर्षीचा, पण ते झालं कीटकाकीटकांतलं. झाडांच्या बाजूने पाहिलं तर १९८३ महत्त्वाचं, कारण त्या वर्षी रोड्स या संशोधकाने आणि वेगळ्या प्रयोगांतून बाल्डविन-शुल्ट्झ या जोडीने जखमी झाड शेजारच्या झाडाला हवेतून इशारा देतं असं मांडलं. रोड्स यांच्या विलोच्या झाडांवर अळ्या नीट वाढल्या नाहीत त्या इशाऱ्यामुळे नव्हे तर त्यांच्यात रोग पसरला असेल म्हणून, असा आक्षेप आला आणि तो अगदीच चुकीचा नव्हता, पण मूळ कल्पना पुढच्या प्रयोगांत टिकली. प्रदूषणाचा मुद्दा यात ठळक झाला तो साधारण २००० नंतर.

बिघाड होतो कसा? टर्पीन गटातल्या, म्हणजे झाडांच्या वासात नेहमी सापडणाऱ्या, बऱ्याच रसायनांत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि जमिनीलगतच्या हवेतला ओझोन हा प्रदूषक नेमका तिथेच हल्ला करतो, त्यातलं बीटा-कॅरिओफिलीन तर काही मिनिटांत संपतं. रात्री हे काम नायट्रेट रॅडिकल हा प्रदूषणातूनच तयार होणारा अतिक्रियाशील रेणू करतो, दिवसा तो उन्हात फुटून जातो.

२००८ च्या एका अभ्यासानुसार पूर्वी १००० ते १२०० मीटर जाणारा फुलाचा वास प्रदूषित हवेत २०० ते ३०० मीटरवरच विरतो. हा आकडा सगळीकडे दिला जातो पण तो गणिती मॉडेलचा आहे, शेतात मोजलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवं. शिवाय वास किती लांब जातो यापेक्षा मिश्रणाचं प्रमाण बिघडतं हे स्पष्टीकरण जास्त पटतं. २०१३ च्या प्रयोगात रेपसीडच्या (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) फुलांच्या वासातल्या ८ रसायनांचं मिश्रण डिझेलच्या धुरात ठेवलं तर त्यातली दोन एका मिनिटाच्या आत जवळजवळ नाहीशी झाली. मग मधमाशीला छोट्या नळीत अडकवून, साखरपाणी देऊन मूळ वास शिकवला, की तो वास आला की ती सोंड बाहेर काढते. ती दोन रसायनं वगळून तोच वास दिला तर सोंड काढणाऱ्या माशा खूपच कमी झाल्या. सहा रसायनं तशीच होती, तरी बऱ्याच माशांना ते फूल ओळखता आलं नाही!

उघड्या शेतातला पुरावा नंतर आला. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या गटाने काळ्या मोहरीभोवती डिझेलचा धूर आणि ओझोन सोडला, तेही कायदेशीर मर्यादेच्या आतल्या प्रमाणात, तर परागीभवन करणारे कीटक ६२ ते ७० टक्के आणि फुलांना दिलेल्या भेटी ८३ ते ९० टक्के कमी झाल्या. म्हणजे माणसासाठी ठरवलेली मर्यादा माशीच्या कामाची नाही, आणि हे फार गंभीर आहे. २०२४ मध्ये नायट्रेट रॅडिकलने बदललेल्या ईव्हनिंग प्रिमरोज या रात्री फुलणाऱ्या फुलाच्या वासावर येणारे हॉकमॉथ (मोठे पतंग) सुमारे ७० टक्के घटले.

हॉकमॉथ बदललेला वास नव्याने शिकू शकतो असंही दिसलंय, पण त्यासाठी आधी त्याला फूल सापडून मकरंद मिळावा लागतो. कीटकांच्या आपसातल्या गंधालाही ओझोनची झळ बसते, २०२३ च्या प्रयोगात फळमाशीचे नर ओझोननंतर नरांच्याच मागे लागले.