वादळी उधाणाचा अभ्यास (गंगा-ब्रह्मपुत्रा त्रिभुज प्रदेश)

चक्रीवादळ किनाऱ्याला भिडताना समुद्राची पातळी नेहमीच्या भरतीच्या वर जेवढी चढते, त्या चढाला वादळी उधाण म्हणतात. हवामानाच्या आणि पाण्याच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडून या चढाची उंची, वेळ आणि पसारा काढणे हा या अभ्यासाचा गाभा. त्याची निकड पश्चिम बंगाल व बांगलादेशाइतकी क्वचितच कुठे असेल. १२-१३ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आलेल्या भोला चक्रीवादळात येथे ३ ते ५ लाख माणसे गेली असे मानतात. त्यांतली बहुतेक वाऱ्याने नव्हे, पाण्याने गेली.

हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटीमीटर वर येतो. म्हणजे दाब ५० हेक्टोपास्कलने घटला तरी पाणी जेमतेम अर्धा मीटर चढेल. बाकीचे काम वाऱ्याचे. बंगालचा उपसागर उत्तरेकडे नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो आणि तळही उथळ होतो. वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला खालून परतायला जागा उरत नाही, म्हणून ते जमिनीवर चढते.

अभ्यासाची सुरुवात जहाजांच्या रोजनिश्यांपासून झाली. कोलकात्यात राहणारे, पूर्वी जहाजाचे कप्तान असलेले हेन्री पिडिंग्टन यांनी वाऱ्याची दिशा आणि दाबाच्या नोंदी गोळा करून वादळांचे मार्ग रेखाटले. ‘सायक्लोन’ हा शब्दही त्यांचाच. मातला नदीवर नवे बंदर बांधू नये, ते एक दिवस लाटेखाली जाईल, असे त्यांनी १८५३ मध्ये सरकारला कळवले होते. बंदर तरीही झाले, तेच पोर्ट कॅनिंग. १८६७ च्या वादळाने पोर्ट कॅनिंगची वाताहत केली, पण ती पाहायला पिडिंग्टन हयात नव्हते. दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कोलकाता झोडपले होते. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन होण्यामागे हे एक कारण होते.

नोंदींचा कणा म्हणजे भरतीमापक. जुन्या पद्धतीत धक्क्यालगत एक उभा नळ असतो. तळाशी बारीक छिद्र असल्याने बाहेरच्या लाटांची खळबळ आत येत नाही, पातळी तेवढी येते. आत तरंगणारा फ्लोट वर-खाली होतो आणि फिरत्या कागदावर लेखणी रेघ ओढते. आता पातळी रडारने मोजतात. हिशोब मात्र वजाबाकीचाच राहिला. समजा, भरतीच्या कोष्टकानुसार पाणी ३.२ मीटर असायला हवे आणि मापक ४.६ दाखवतो, तर वरचे १.४ मीटर वादळाचे. ही वजाबाकी तासागणिक करून ती वाऱ्याच्या आणि दाबाच्या आलेखाखाली ठेवली की वादळ कसे वागले ते दिसू लागते.

वेळेचे महत्त्व कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारा कोळी हाच हिशोब तोंडी करतो. नोव्हेंबर २००७ मधील सिद्र वादळ कितीतरी बलवान, पण ते ओहोटीच्या सुमारास धडकले. मे २००९ मधील आयला त्या मानाने दुबळे, पण भरतीला आले आणि त्याने सुंदरबनातले बांध ठिकठिकाणी फोडले. २६ मे २०२१ ला यास ओडिशाच्या किनाऱ्यावर चढले; त्या दिवशी पौर्णिमा होती, खग्रास चंद्रग्रहणही होते. पौर्णिमेच्या भरतीवर वादळाची भर पडून केंद्रापासून दूर असलेल्या बंगालच्या किनाऱ्यावरही पाणी शिरले. त्यामुळे केवळ वाऱ्याच्या वेगावरून वादळाला श्रेणी देणे या प्रदेशात फसवे ठरते.

नद्यांचे पाणी दुसऱ्या बाजूनेही यात येते. पावसाळ्यानंतर उपसागरावर गोड, हलक्या पाण्याचा थर पसरलेला असतो. तो खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही, पृष्ठभाग उबदार राहतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळांना बळ मिळू शकते. हा थर आर्गो तरंगकांमुळे नीट मोजता आला. ते सुमारे २,००० मीटर खोल बुडी मारून साधारण दहा दिवसांनी वर येतात आणि तापमान व क्षारता उपग्रहाकडे पाठवतात. वादळानंतर बुडालेली जमीन मोजायला सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहांवरील रडार उपयोगी पडते, कारण त्याला ढगांचा अडथळा नाही.

अडचण मोजण्याच्या शून्याचीच, म्हणजे पातळी जिथून मोजायची त्या खुणेचीच आहे. गाळाची जमीन खचते, तिच्याबरोबर मापकही खाली जातो. १९६० च्या दशकापासून घातलेल्या मातीच्या बांधांनी आतल्या शेतांना मिळणारा गाळ तोडला. आयलानंतर केलेल्या मोजणीत बांगलादेशातील दाकोप भागातील एका बांधबंद बेटाची जमीन शेजारच्या जंगलापेक्षा १ ते १.५ मीटर खाली गेलेली आढळली. खोली बदलली की उधाणाचा अंदाज देणाऱ्या संगणकीय प्रारूपाचे उत्तरही बदलते. शिवाय सर्वांत मोठ्या उधाणात मापकच निकामी होऊ शकतो. मग पथके गावोगाव फिरून भिंतीवरची चिखलाची रेघ आणि झाडाला अडकलेला कचरा पट्टीने मोजतात, आणि पाणी कुठवर आले होते हे घरमालकाला विचारून घेतात.