मिरामारच्या वाळूत पोटऱ्या का भरून येतात?

पणजीत कांपालच्या पदपथावर अर्धा तास चाललं तरी काही वाटत नाही, पण मिरामारच्या सुक्या वाळूत दहा मिनिटांतच पोटऱ्या भरून येतात. लज्यून, विलेम्स आणि हेग्लंड या बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये याचं मोजमापच प्रसिद्ध केलं. त्याच वेगाने चालायला कडक जमिनीपेक्षा वाळूत २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. धावायला मात्र सुमारे १.६ पटच. वाळू धावणाऱ्यापेक्षा चालणाऱ्याला महाग पडते! मला तर हा या विषयातला सगळ्यात सुंदर निष्कर्ष वाटतो, कारण चालणं आणि धावणं यांतला मूळ फरक त्यातून उलगडतो.

चालताना एक पाऊल कायम जमिनीवर असतं. टेकलेल्या, जवळजवळ ताठ पायावरून अंगाचा भार कमानीसारखा वर चढतो आणि पुढे उतरतो. चढताना वेग किंचित घटतो, उतरताना तो परत मिळतो. उलट्या टांगलेल्या लंबकाचीच ही हालचाल. ती इतकी काटकसरी की नेहमीच्या वेगात साठ-पासष्ट टक्के यांत्रिक ऊर्जा या देवाणघेवाणीतूनच वाचते. जॉगिंगमध्ये सहसा क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. तिथे लंबक उपयोगी पडत नाही. टाचेमागची जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि तळव्याची कमान पाऊल टेकताना ताणली जाते आणि पाऊल उचलताना साठवलेली ऊर्जा परत देते. ताशी साधारण ७ किलोमीटरच्या पुढे आपण न ठरवताच धावू लागतो, कारण त्यापुढे चालणंच अवघड होऊन बसतं.

सुकी वाळू पायाखालून सरकते. कण बाजूला सारण्यात गेलेली ऊर्जा परत येत नाही. चालण्याचा मूळ खर्चच इतका कमी की ही गळती लगेच जाणवते. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, कारण कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं. जॉगिंग करायचं तर तिथेच करावं. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एक पाय सतत खाली पडतो, म्हणून गेलात त्याच वाटेने परत यावं, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा ताण येतो.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो, चालताना वजनाहून थोडाच जास्त. म्हणून गुडघे झिजतील अशी भीती घातली जाते, पण हौशी धावणाऱ्यांत गुडघ्यांची झीज बैठं आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही. त्रास होतो तो एकदम अंतर वाढवणाऱ्यांना.

आपल्याकडच्या दमट हवेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण पावसाळ्यात तो वाळतच नाही, नुसता गळतो. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. अशा दिवशी घड्याळापेक्षा श्वास पाहावा: सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वाधिक निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. इथे मी चालण्याच्या बाजूने उभा राहीन. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो. जेवणानंतर साखर साधारण तासा-दीड तासात सर्वांत वर जाते, म्हणून शीतकडी (भात-आमटी) जेवून लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालावं. भरल्या पोटी जॉगिंग जमत नाही, चालणं जमतं. मात्र मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर वाळूत अनवाणी उतरू नये. शिंपल्याची धार लागली तरी कळत नाही, आणि अशी जखम भरून यायला फार वेळ घेते.